मेघूच्या लग्नाची यादी

सुशे,

मी गाव सोडलं त्या दिवशी बेळगावच्या स्टेशनावर आई रडली नव्हती, हे तुला आठवतं का? तू तिच्या पदराला धरून उभी होतीस, पाचवीत असशील. मी रडत होते, आणि शालन खिडकीची जागा धरायला आधीच डब्यात घुसली होती. तिचं लग्न माझ्या आधी दोन महिने झालं होतं. तिचे मालक आणि आमचे हे यशवंतपूरला एकाच लोखंडाच्या कारखान्यात कामाला, म्हणून दोघींना एकाच गाडीनं पाठवायचं ठरलं होतं. गाडी सुटायच्या आधी आई खिडकीपाशी गेली आणि मला नाही, शालनला म्हणाली, "बाई, माझी ही पोर तोंडानं मुकी. परमुलखात हिच्या वाटचं तू बोल."

शालन लगेच म्हणाली, "बोलतो की, काकू! हिच्या वाटचं मी बोलतो, माझ्या वाटचं ही राबंल."

सगळे हसले. मीही डोळे पुसता पुसता हसले.

हे तुला पाठवीन की नाही, माहीत नाही. परवा फोनवर तू विचारलंस, "अक्का, मेघूच्या लग्नाचं काहीच कसं सांगितलं नाहीस?" मी म्हटलं, छान झालं. त्यापुढं तोंडातून शब्द निघाला नाही. लिहिताना कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. माझी चौथीपर्यंतची शाळा तेवढ्यासाठी तरी उपयोगाला आली. मेघूच्या शाळेच्या एका जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यात शाळेत शिकवलेल्या मराठीत लिहिते आहे.

आम्ही आलो ते अजूनही त्याच वठारात आहोत. वठार म्हणजे मधे अंगण, भोवती एकेका खोलीची बारा घरं आणि अंगणात एक नळ. आता घरात नळ आले, पण सगळ्या बायका अजून अंगणातच भांडी घासतात. आमच्या दारासमोर शालनचं दार. पहिले सहा महिने मी दुकानात गेले नाही, कारण दुकानात मागावं लागतं. शालन नळावर भांडून भांडून कन्नड शिकली. मी 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, या दोन शब्दांवर चार वर्षं काढली. भाजीवाला काहीही म्हणाला की मी सरी म्हणायचे. शालन मागून ओरडायची, "इंदे, तो तुला कुजके टोमॅटो घालतोय आणि तू सरी म्हणतीस?" आणि पिशवी उलटी करून सगळे टोमॅटो त्याच्या गाडीवर परत ओतायची.

तिनं माझ्या वाटचं बोलायचं काम खरंच केलं, ते मी नाकारणार नाही. घरमालकाशी बोलली, रेशनच्या दुकानात बोलली. मला मूल का राहत नाही, हे डॉक्टरीणबाईंना विचारायचं होतं, तेही तिनंच विचारलं. मी भिंतीवरच्या चित्राकडं बघत बसले होते.

मला मूल झालं नाही. शालनला मेघू झाली. पोर तीन महिन्यांची असताना शालनला कपडे शिवायच्या कारखान्यात काम मिळालं. सकाळी आठला ती मेघूला माझ्या मांडीवर ठेवायची आणि संध्याकाळी सहाला न्यायची. पहिला भात मी भरवला. गोवरात पंधरा दिवस ती माझ्याच अंगावर झोपली. बालवाडीत सोडायला मीच जायचे, आणि बाईंनी काही विचारलं की मेघूच माझ्या वतीनं उत्तर द्यायची, चार वर्षांची पोर. तिची शाळा इंग्लिशची. तिथं मराठी नव्हतं, म्हणून घरी पाटीवर ग म भ न मी शिकवलं. माझं अक्षर मोठं आणि गोल, आपल्या शाळेतल्या बाईंनी गिरवून घेतलेलं. मेघूचं अक्षरही तसंच वळलं. मोठी झाल्यावर ती म्हणायची, "मावशी, माझं मराठी हँडरायटिंग बघून लोक विचारतात, तू खेड्यात शिकलीस का?"

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. मेघूनं पहिल्यांदा आई म्हटलं ते मला. भरदुपारची वेळ होती, ती माझ्या हातातलं ताकाचं भांडं ओढत होती. मी तिला उचललं, समोरच्या बंद दाराशी नेलं, दाराला बोट लावलं आणि म्हटलं, आई इथं राहते, मी मावशी. दहा दिवस रोज दुपारी हेच केलं. मग ती मावशी म्हणायला लागली. शालनला मी हे सांगितलं नाही. पण बारा घरांच्या अंगणात दहा दिवस केलेली गोष्ट झाकून राहत नाही.

शालन स्वतःच कितीदा म्हणायची, "हिच्या लग्नात घरच्या आहेराला माझ्या शेजारच्या पाटावर तू बसायचीस. माझी बहीण बसंल पलीकडं." घरचा आहेर काय असतो ते तुला सांगायला नको. हळदीच्या सकाळी फक्त आपली माणसं असतात. मामा, आत्या, मावशी एकेक करून कुंकू लावतात आणि हातानं हातात देतात. बाहेरच्यांचा आहेर दुसऱ्या दिवशी, मांडवात, रांगेनं. त्या पाटासाठी मी मेघूच्या बारावीपासून एक साडी बाजूला ठेवली होती.

मेघू इंजिनिअर झाली. बेळ्ळंदूरला नोकरी लागली आणि तिथंच राहायला गेली, कारण इथून जाऊन यायचं म्हणजे दिवस रस्त्यातच संपतो. शनिवारी यायची, आधी माझ्याकडं जेवायची, मग समोर झोपायला जायची. निखिल तिच्याच ऑफिसातला. त्याचे आईवडील पुण्याचे, वडील इथं सरकारी कारखान्यात मोठे इंजिनिअर होते. चांगली माणसं. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ की मी त्यांच्यासमोर पाणी मागायलासुद्धा घाबरते.

लग्न ठरल्यावर मेघूचे शनिवार खरेदीत जायला लागले, तिचं येणं थांबलं. मी शालनला म्हटलं, मेघूचं केळवण माझ्याकडं. ती म्हणाली, तिला सुट्टी नाही, विचारून सांगतो. दोनदा विचारलं, दोनदा तेच. मग एक दिवस शालनच्या फोनवरून माझ्या फोनवर काहीतरी निळ्या अक्षरांचं आलं. वर लिहिलं होतं, यातूनच घ्या.

मी रूपाकडं गेले. रूपा शेजारच्या घरातली सून, तुमकूरकडची, शिकलेली, माझ्याशी हिंदी-मराठी मिसळून बोलते. तिनं ते उघडलं आणि म्हणाली, "मावशी, ये गिफ्ट की लिस्ट है. मेघानं केलीय." फोनमध्ये चित्रांचं दुकान होतं. वर मेघूचा आणि निखिलचा फोटो, खाली त्यांना नव्या घरात हव्या असलेल्या वस्तू. कॉफीचं यंत्र, दिवे, चादरी, सुऱ्या, झाडांच्या कुंड्या. ज्याला जे द्यायचं असेल त्यानं त्या चित्राला बोट लावायचं, वस्तू दुकानातून परस्पर तिच्या घरी. कुणी घेतली की त्या चित्रावर हिरवी खूण येते, म्हणजे एकाच वस्तूचे दोन आहेर होत नाहीत.

आई म्हणायची, मागितलेला आहेर ओटीत पडत नाही. मला ते आठवलं. पण त्याहून जास्त टोचलं ते हे की ही यादी माझ्याकडं का आली. मी आयुष्यात फार कमी वेळा सरळ प्रश्न विचारलेत. त्या दिवशी अंगण ओलांडून गेले आणि विचारलं, "शालन, मी पण यादीतलंच द्यायचं?"

ती वाटाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "सगळ्यांना सारखंच, बाई. माझ्या विजूला पण तीच पाठवली. आताच्या पोरी, काय करायचं?"

"आणि हळद? घरचा आहेर?"

"कुठली हळद! पुण्याच्या माणसांना एवढं सगळं नको असतं. सकाळचा मुहूर्त आहे, डायरेक्ट हॉलवर या तुम्ही दोघं."

विजू म्हणजे तिची सख्खी बहीण, धारवाडला दिलेली. सख्ख्या बहिणीला यादी आहे तर मला असायला काय हरकत? मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "चला, बरं झालं. नाहीतर तू सहा महिने काय द्यायचं म्हणून मला खाल्लं असतंस."

दुसऱ्या दिवशी रूपाबरोबर बसून सगळी यादी पुन्हा बघितली. निम्म्या वस्तू कशासाठी असतात तेच मला कळत नव्हतं. आणि मग एक पितळेचा मिसळणाचा डबा दिसला. गोल, आत सात वाट्या, मोहरी जिरं हळद तिखट ठेवायचा. सुशे, मला इतका आनंद झाला. एवढ्या यंत्रांच्या मधे पोरीनं मिसळणाचा डबा मागितला होता. रूपा म्हणाली, "दाबू मैं?" मी तिचा हात धरला. म्हटलं, नको. चित्राला बोट लावून आहेर द्यायचा म्हणजे माझा हात कुठं लागला त्याला? मी दुकानात जाईन, बघून घेईन, नाव घालीन आणि हातानं देईन.

रूपा म्हणाली, "पण मावशी, खूण केली नाही तर दुसरं कुणीतरी तोच घेणार."

मी म्हटलं, घेऊ दे. डब्यावर नाव असल्यावर दुसऱ्याचा तो दुसऱ्याचा, माझा तो माझा.

आम्ही मेट्रोनं चिकपेटला गेलो. भांड्यांच्या गल्लीत चार दुकानं फिरलो. हे दर दुकानात म्हणायचे, हा चांगला आहे की, आणि मी झाकण उचलून वजन बघून खाली ठेवायचे. शेवटी एक मिळाला, यादीतल्या चित्रातल्यापेक्षा जाड पत्र्याचा, झाकण घट्ट बसणारा. दुकानाच्या बाहेर पायरीवर नावं घालणारा बसला होता. हातात मशीन, समोर झाकणांची चळत. त्याला मराठी लिहिता येत नव्हतं. म्हणाला, "अक्का, कागदावर लिहून द्या, स्वल्प मोठं. मी तसंच्या तसं काढतो." मी पायरीवर बसून कागद गुडघ्यावर धरून लिहिलं: चि. सौ. कां. मेघा हिस, लग्नात, मावशीकडून.

हे वाकून बघत होते. म्हणाले, "तुझं नाव कुठंय?"

"कशाला? तिला मावशी म्हटलं की कळतं."

"आणि विजू?"

"विजूला ती विजूमावशी म्हणते. नुसती मावशी मीच."

त्यानं माझी अक्षरं तशीच्या तशी पितळेवर उतरवली. माझं अक्षर असं कायमचं कुठंच नाही, सुशे. रेशनकार्डावरसुद्धा अंगठ्याशेजारी सही आहे तेवढीच.

लग्नाच्या चार दिवस आधी शालन घर बंद करून बेळ्ळंदूरला गेली. नव्या घरात सामान लावायचंय म्हणाली. मी म्हटलं, मी येऊ मदतीला? ती म्हणाली, "नको, तुला गाडी लागते."

लग्नाच्या सकाळी आम्ही अंधार असतानाच निघालो. तीन बस बदलल्या. शेवटच्या बसमध्ये एक तास गाडी हललीच नाही, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती आणि मधे आम्ही. मी ती बारावीपासूनची साडी नेसले होते आणि डबा मांडीवर घट्ट धरला होता. कल्याणमंटपात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

हात धुवायला गेले तिथं विजू भेटली. तिच्या हातावर कोपरापर्यंत हळद दिसत होती, हिरवा चुडा होता. ती मनानं भोळी आहे. म्हणाली, "अगं इंदूअक्का, आता बरं हाय न्हवं? काल हळदीला सगळे तुझी वाट बघत होते."

मी विचारलं, "काल हळद झाली?"

"झाली की! घरचा आहेर, सगळं रीतसर. मी शालनच्या शेजारच्या पाटावर बसलो. मेघूला पैठणी दिली. तू काय आणलंस?"

मी म्हटलं, "यादीतला डबा."

"यादी?" विजू म्हणाली. "कसली यादी?"

सुशे, नळ चालू होता. मी तो बंद करायला विसरले आणि विजूनं केला. ती सांगत होती, असेल काहीतरी ऑफिसातल्या पोरापोरींसाठी, आम्हाला घरच्यांना कुणी कसली यादी पाठवतंय. तिला माहीत नव्हतं ती काय बोलते आहे. मी मान हलवत होते. सरी, सरी.

स्टेजपुढं आहेराची रांग होती. आम्ही रांगेत उभे राहिलो. पुढं मेघूच्या ऑफिसातली पोरं, मागं हॉलचा मॅनेजर का कोण. शालन स्टेजवर निखिलच्या आईशी बोलत होती. नवी साडी, नथ. ती म्हणत होती, "मी येते ना ताई, मी बघते." आपल्याकडच्या बायका जन्मभर 'मी येतो, मी बघतो' म्हणतात, शालनसुद्धा. तिच्या तोंडात 'येते, बघते' मी पहिल्यांदा ऐकलं. तिनं मला रांगेत बघितलं आणि पाठ वळवली.

मेघूनं मला बघितलं आणि सगळ्यांच्या पुढं मिठी मारली. फुलांचा हार माझ्या तोंडावर आला. म्हणाली, "मावशी! ताप उतरला का गं? आईनं सांगितलं तुला उठवत नाहीये. मी म्हटलं गाडी पाठवते, आई नको म्हणाली. काल मी रडले माहितेय?"

मग मला सगळं कळलं. शालननं मला सांगितलं हळद नाही, आणि मेघूला सांगितलं मावशीला ताप आहे. आईनं स्टेशनावर तिला माझ्या वाटचं बोलायला सांगितलं होतं. ती बोलली होती.

मला एक वाक्य म्हणायचं होतं फक्त. मला ताप नव्हता. मागं रांग होती, फोटोवाला हात करत होता, निखिलची आई हसून बघत होती. मेघूच्या खांद्यावरून मला शालनचा चेहरा दिसत होता. इतकी घाबरलेली मी तिला कधी बघितली नव्हती, तिला कारखान्यातून काढलं होतं तेव्हाही नाही.

मी म्हटलं, "हो गं. ताप होता."

कुणीतरी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि बाकीच्या खोक्यांवर ठेवली. फोटो निघाला. आम्ही जेवलो नाही. हे बसमध्ये एवढंच म्हणाले, "तू का बोलली नाहीस?" पोरीच्या लग्नात, तिच्या सासरच्यांसमोर, तिची आई खोटी ठरवायची? आणि न बोलून मी तिच्या खोट्यात सामील झाले. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. तिनं मला फसवलं आणि शेवटची गाठ माझ्याच हातून मारून घेतली.

आठवड्यानं मेघूचा फोन आला. हसत होती. "मावशी, मिसळणाचे डबे दोन आले! ऑफिसमधल्या कुणीतरी लिस्टवरून तोच घेतला. एक परत करायचा होता, पण तुझ्या डब्यावर नाव घातलंय ना, तो कोण घेणार परत? मग दुसरा पाठवला." मी हं म्हटलं. मग ती म्हणाली, "आणि गंमत ऐक. सासूबाईंनी 'मावशीकडून' वाचलं आणि विजूमावशीला फोन करून थँक्यू म्हटलं! ती म्हणाली, मी कुठं दिला? मग मी झाकण बघितलं. सासूबाईंना म्हटलं, हे आमच्या मावशीचं अक्षर आहे, मला याच अक्षरात लिहायला शिकवलंय." मग म्हणाली, "ताप होता ना तुला, मग चिकपेटला कधी गेलीस?"

"आधी गेले होते," मी म्हटलं.

"आणि केळवणाला बोलावलं नाहीस ते? मी आईला दोनदा विचारलं."

मी म्हटलं, गॅसवर दूध आहे, ठेवते. दूध नव्हतं.

शालन परत आली ती दहा दिवसांनी. मी भांडी घासत होते. ती लाडवांचा डबा घेऊन आली आणि समोर उकिडवी बसली. तिची भाषा परत आपली झाली होती.

"इंदे, बोल की काहीतरी."

मी तांब्या घासत राहिले.

"शिव्या दे. कानाखाली मार. पण असं गप बसू नको, मला भ्या वाटतंय."

मी विचारलं, "का केलंस?"

तिनं लाडवांच्या डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. मग म्हणाली, "ती पहिल्यांदा आई कुणाला म्हणाली, मला ठाऊक हाय. त्याच वर्षी नळावर कळलं. मी दिवसभर पॅन्टींना खिसे शिवत बसलो आणि सगळं तुला मिळालं. पहिला शब्द, पहिला दात, पहिलं पाऊल. मी घरी यायचो तेव्हा ती जेवून झोपलेली. लग्नात सगळी माणसं माझ्याकडं बघणार होती, इंदे. एक दिवस. एक दिवस ती मला एकटीला पाहिजे होती."

"मग तसं सांगायचं होतंस. मी आले नसते. मागितला असतास तर दिला असता तो दिवस."

"म्हणून तर नाही मागितला," शालन म्हणाली. "अजून किती घेऊ तुझ्याकडनं?"

मी तांब्या उपडा ठेवला आणि आत आले. लाडू मी घेतले नाहीत. तिनं म्हटलं ते मला कळलं, पण कळणं वेगळं. माझ्याकडून अजून घ्यायला नको म्हणून माझ्याकडून चोरलं, हे कुठलं शहाणपण? आणि तिनं यादी पाठवली ना, ते माझ्या मनातून जात नाही. नुसतं ये म्हणाली नसती तरी चाललं असतं. पण मला परक्यांच्या रांगेत उभं करायला तिनं पोरीची यादी वापरली, आणि मी ती यादी हौसेनं वाचत बसले, सात वाट्या बघून खूश झाले.

त्याला आता दोन महिने झाले. आम्ही बोलत नाही. गंमत अशी की या एवढ्या मोठ्या गावात आपल्या गावची बोली बोलणारी बाई माझ्या ओळखीची एकच आहे, आणि ती समोर राहते. रूपाशी मी आता बरंच कन्नड बोलते. भाजीवाल्याला परवा 'बेड' म्हटलं, नको म्हटलं, आणि टोमॅटो परत केले. तो हसला. म्हणाला, "इवत्तु बायि बंतु!" म्हणजे आज तोंड फुटलं. मलाही बरं वाटलं, आणि घरी येऊन थोडं रडूही आलं.

तू फोनवर म्हणालीस, आमचे हे पुढच्या वर्षी रिटायर होतात, तुमची वरची खोली रिकामी आहे, आता इकडंच या. महिना दोन महिने आधी विचारलं असतंस तर मी त्याच दिवशी ट्रंक काढली असती. इतकी वर्षं मी घर म्हटलं की तुमचंच घर डोळ्यापुढं आणत होते. इथं आम्ही राहतो असं म्हणायचे, घर आहे असं नाही.

पण ह्या दोन महिन्यांत मी खूप विचार केला. मी आता निघून आले तर इथं काय राहील? शालन सांगेल, समोर एक बाई राहायची, आमच्या गावाकडची, पोरीकडं जरा बघायची, गेली परत. आणि कुणी नाही म्हणणार नाही. दहा वर्षांनी मेघूलाही तेच खरं वाटेल, ती तरी किती लक्षात ठेवणार? मी इथं असले की मेघू येणार, आणि आली की दोन घरी जाणार. दिवाळसणाला येणार आहे. तिला मी तापाचं खोटं होतं हे सांगेन की नाही, मला अजून माहीत नाही. सांगितलं तर तिच्या मनातून तिची आई जाईल, नाही सांगितलं तर मी जाईन. पण ते ठरवायला मला इथं असलं पाहिजे. ज्या जागी आपल्याला कुणी परकं म्हटलं तर सोसवत नाही ती आपली जागा, एवढं मला समजलं, आणि तशी जागा माझी हीच निघाली. गावात मला कुणी पाहुणी म्हटलं तर मी हसून चहा पिऊन येते.

वरची खोली कुणाला द्यायची असेल तर दे, सुशे. माझ्यासाठी ठेवू नको.